पुरे म्हणणारं कोणी

बाबा आत केमो घेत होते; खोलीबाहेर आई त्यांच्या स्वेटरची बाही विणत होती. दरवर्षी ती बाही त्यांच्या हाताला लावून बघायची; ते "पुरे" म्हणाले की टाके बंद करायची.

डॉक्टर मघाशीच सांगून गेले होते. पेशीतलं वाढीचं जनुक कधी वाचायचं नि कधी मिटायचं, हे काही प्रथिनं ठरवतात. बाबांच्या पेशींत "पुरे" म्हणणारं प्रथिनच बिघडलंय. वाढीचा हुकूम वाचला जातोय, अखंड. आणि आम्ही मेले जन्मभर वाढीलाच आशीर्वाद समजत आलो!

आईच्या मांडीवरची बाही आता गुडघ्याखाली लोंबत होती.

"आई, बास कर गं."

"त्यांना बाहेर येऊन म्हणू दे," ती म्हणाली आणि पुढचा टाका उचलला.