समोरच्या गच्चीवरचं ऊन

शेजाऱ्याच्या वैभवाकडे न बघणं ही मनाच्या श्रीमंतीची पहिली खूण आहे, असं मी शाळेत सत्तावीस वर्षं शिकवलं. त्यातल्या शेवटच्या वर्षी शाळेतून आल्यावर मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून समोरच्या घराला कुठल्या रंगाच्या टाइल्स लागताहेत ते बघत असे.

तळोद्याला आमच्या गल्लीत समोरचं घर पूर्वी आमच्यासारखंच होतं. दोन खोल्या, वर स्लॅब, पुढे जाळीचं गेट. फरक इतकाच की त्यांच्या घराला रस्त्याच्या बाजूने गच्चीवर जाणारा सिमेंटचा जिना होता आणि आमच्या घराला नव्हता. आमचं बांधकाम जिन्यापर्यंत आलं आणि थांबलं. जिना पुढच्या वर्षी करायचा होता. यजमान तेव्हा धडगावला मास्तर होते. शनिवारी जीपमध्ये जागा मिळेल तसे घाट उतरून यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. एका रविवारात जिना होत नाही. पुढे ते निवृत्त झाले, तेव्हा सगळे वार रविवार झाले. तरी झाला नाही.

"जिना बांधून जायचं कुठे?" ते पेपरातून डोकं न काढता विचारायचे. "वर आहे काय?"

"ऊन आहे," मी म्हणायचे.

"ते खालीही आहे." आमच्याकडच्या उन्हाळ्याबद्दल हे विधान खोडून काढता येत नाही.

पण मला जे ऊन हवं होतं ते बिबड्यांचं होतं. होळी झाली की आमच्या गल्लीत बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, व्हायचे, आणि समोरच्या गच्चीवर व्हायचे. ज्वारी भिजवून भरडायची, तिखट, तीळ, लसूण घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची. हा घाटा गरम असतानाच ओल्या फडक्यावर पाण्याच्या हाताने पातळ थापायचा आणि फडकं उपडं करून बिबडा जुन्या साडीवर सोडायचा. घाटा गार झाला की हाताला दाद देत नाही. म्हणून हे एकटीचं काम नव्हे. एकीने ढवळायचं, एकीने पातेलं वर न्यायचं, दोघींनी थापायचं, आणि एकीने नुसतं बोलायचं. बोलायचं काम कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या मारवाडी भाभीकडे असे. तिच्या घरी बिबडे कुणी खात नव्हतं, पण ती एकही सकाळ चुकवत नसे.

पहाटे साडेपाचला तो जिना चढलं की उत्तरेला सातपुडा दिसायचा. आधी नुसती काळी रेघ, मग निळी, मग उन्हं आली की धुरकट. हाताला वाफेचे चटके बसत असायचे, पदर खोचलेले, कुणाच्या सुनेचं काहीतरी चाललेलं असायचं. मी बरीच पुस्तकं वाचली आहेत आणि त्यांत सुखाच्या पुष्कळ व्याख्या आहेत. मला मात्र उरलेला घाटा वाटीत घेऊन, वर कच्चं तेल ओतून, त्या कठड्याला टेकून खाताना दुसरं काही हवंसं वाटलेलं आठवत नाही. वर्षातल्या तीन सकाळी. फार नव्हत्या.

मग समोरच्यांनी घर पाडलं.

पाडलं म्हणजे सगळं नाही; पण जे उरलं त्यावर दोन मजले चढले. काचेचे कठडे आले. दाराला सिंहाचं तोंड असलेली कडी आली. समोरच्या वहिनींच्या यजमानांचं वेल्डिंगचं दुकान होतं आणि मुलगा सुरतेला कापडाच्या धंद्यात होता. या दोन गोष्टींची बेरीज काचेच्या कठड्यांपर्यंत जात नव्हती, आणि गल्लीला हे सहन होत नव्हतं.

"पाया खोदताना हंडा मिळाला असेल," भाभी म्हणाली. "सोन्याचा."

"जुन्याच पायावर बांधलंय, भाभी. खोदलंच नाही."

"मग भिंतीत असेल."

मला हंड्यावर विश्वास नव्हता. माझा अंदाज जास्त सुशिक्षित होता: वहिनींच्या माहेरची जमीन हायवेत गेली असणार. पुराव्याच्या बाबतीत दोन्ही अंदाज सारखेच होते.

वास्तुशांतीला आम्हाला घर दाखवण्यात आलं. छतात लपवलेले दिवे, देवघराला संगमरवर, एका खोलीत नुसते सोफे. मी सगळ्याला "छान, छान" म्हणत होते आणि डोळ्यांनी जिना शोधत होते. तो आता घराच्या आत होता. दिवाणखान्यातून वर जात होता, पांढरा, आरशासारखा. त्यावरून ओल्या पायांनी घाट्याचं पातेलं नेता येणार नव्हतं. त्या वर्षी गल्लीत बिबडे झाले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

मी त्या घराचा हेवा करत होते असं यजमानांना वाटायचं. समोरच्यांकडे एवढा पैसा आला कुठून, हे मला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण ते कळलं तर एखादा साधा जिना आपल्यालाही करता येईल, एवढ्यासाठी. संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढताना मी आमच्या स्लॅबच्या कडेकडे बघायचे. तिथून जिन्यासाठी सोडलेल्या सळया बाहेर आलेल्या होत्या, गंजून लाल. यजमान त्यांना छत्री अडकवत.

यंदा होळीनंतर एका सकाळी वहिनी गेटपाशी भेटल्या.

"मॅडम, औंदा बिबडा कराना शेतस का नही?"

"कोठे करू, वहिनी? तुम्हनी टाइल खराब हुई जाई."

"खड्डामा जाऊ द्या ती टाइल! दोन साल हुई ग्यात, बिबडा नही का बोलनं नही."

त्यांचा आवाज असा होता की मला धीर आला. "वहिनी, एक इचारू? राग नका मानू. इतलं घर कसं काय बांधं?"

वहिनींनी आधी मागे घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माले काय माहीत, माय! मी बी हाईच इचारस. पोऱ्या सांगस, मम्मी, तू टेन्शन नको लेऊ. त्याना बाप सांगस, पोऱ्याले इचार." मग म्हणाल्या, "रातले झोप येत नही कधी कधी."

मी ज्वारी भिजवू का विचारलं, आणि त्या हो म्हणाल्या.

चौथ्या दिवशी पहाटे आम्ही पायऱ्यांवर वर्तमानपत्रं अंथरली. यजमानांनी तीन महिन्यांची रद्दी दिली, अग्रलेखांसकट. भाभी पुढे, पातेलं मध्ये, वहिनी गुडघे धरत मागे. वास्तुशांतीनंतर त्या स्वतःच्या गच्चीवर पहिल्यांदाच चालल्या होत्या.

"सोलर बसाडेल शे म्हने," त्या जिन्यात म्हणाल्या. "व्हई एखादा कोपराले."

दार उघडलं तर गच्ची नव्हतीच. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या काचेच्या पाट्या, तिरक्या, दक्षिणेकडे तोंड करून. जमिनीवर उन्हाला जागाच नव्हती. ऊन भरपूर येणार होतं, पण ते आधीच कामाला लावलेलं होतं.

घाटा वाफाळत होता. गार व्हायला फार वेळ लागत नाही.

"काच आहे ना?" भाभी म्हणाली. "तापते ना? मग काय!"

आम्ही पाट्यांवर जुन्या साड्या पसरल्या, कडा दोरीने बांधल्या आणि थापायला बसलो. बिबडे पाट्या भरून गेले. सातपुडा काळा, मग निळा, मग उन्हं आली तसा धुरकट झाला. तिसऱ्या मजल्यावरून तो अधिक लांबवर दिसत होता. वहिनी वाटीत तेल ओतून घेत होत्या आणि हसत होत्या. माणसाने किती साठवावं, किती चढवावं आणि शेवटी त्याला काय लागतं, यावर एक फार मोठं वाक्य माझ्या मनात तयार होत होतं. तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. सुरतेहून मुलगा होता. गच्चीवर किती वीज तयार होतेय ते त्याला तिथे मोबाइलवर दिसत होतं, आणि आज आकडा वर चढतच नव्हता.

"मम्मी, तठे आभाळ भरी उनं का?"

वहिनींनी वर स्वच्छ आकाशाकडे पाहिलं, मग साड्यांकडे.

"हां भाऊ," त्या म्हणाल्या, "भलतं आभाळ भरी उनं."

बिबडे एका दिवसात वाळले. खाली अंगणात दोन लागतात.