दर शुक्रवारी नवी जागा

लग्न ठरताना मी नवऱ्याला एकच गोष्ट स्पष्ट सांगितली होती: मला स्वयंपाक येतो, पण आवडत नाही. त्याने त्यातला फक्त पहिला अर्धा भाग ऐकला. पुढे त्याला ओमानमध्ये सोहारला नोकरी लागली, बंदराकडे नवे कारखाने उभे राहत होते त्या वर्षांत, आणि आम्ही दोघं तिथे राहायला गेलो. नवरा सांगलीकडचा. पिठलं-भाकरी आणि वर कच्चा कांदा मिळाला की जगात आणखी काही खाण्यासारखं असतं यावर त्याचा विश्वास बसत नाही. हॉलमध्ये एसी, बेडरूममध्ये एसी, स्वयंपाकघरात नाही. तिथे उभी राहून मी रोज भाकऱ्या थापत होते आणि तव्याच्या आधी स्वतः तापत होते.

एका गुरुवारी मी परात ओट्यावर आपटली आणि जाहीर केलं, की शुक्रवारी दुपारी मी गॅस पेटवणार नाही. कारखान्याला शुक्रवारी सुट्टी, शाळांना सुट्टी, सरकारला सुट्टी, मग मीच काय घोडं मारलंय? नवरा दचकला खरा, पण तो दिवसभर कंत्राटदारांशी बोलणारा माणूस. हो म्हणता म्हणता त्याने एक अट घुसवली. बाहेर जेवायचं तर जागा नवी पाहिजे. एकदा जेवलो तिथे परत नाही. आणि ज्या शुक्रवारी नवी जागा सापडणार नाही, त्या शुक्रवारपासून घरचं जेवण, कायमचं. सोहारसारख्या गावात असून असून हॉटेलं किती असणार, असा त्याचा होरा. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. चिडले की मी कशालाही हो म्हणते.

सुरुवात मोठ्या थाटात झाली. आधी केरळी कॉफी शॉप. तिथे कॉफी कोणीच पीत नाही. गाडी समोर लावायची, हॉर्न वाजवायचा आणि परोटा-अंडाकरी खिडकीतून आत घ्यायची. नवऱ्याने हॉर्न इतका भीत भीत वाजवला की कुणी मान वर केली नाही. मग मी त्याच्या अंगावरून वाकून वाजवला, तर आतले सगळे वेटर एकदम बाहेर आले. पाकिस्तानी हॉटेलात उशीएवढी रोटी आली आणि नवरा तिच्याकडे बघून पहिल्यांदाच आदराने काही बोलला. तुर्की हॉटेलात जेवणाआधी भाजलेल्या मिरच्या फुकट ठेवतात. फुकट आहेत म्हणून त्याने सगळ्या खाल्ल्या आणि पुढचं जेवण मला एकटीला मिळालं. फिलिपिनो खानावळीत आंबट सुपातून माशाचं डोकं वर आलं, तेव्हा "तो माझ्याकडेच बघतोय" म्हणत त्याने वाटी फिरवून माझ्याकडे तोंड केलं. चायनीज हॉटेलातला आचारी निघाला उडुपीकडचा. आम्ही आपल्याकडचे आहोत हे कळल्यावर त्याने प्रेमाने नूडल्सला कढीपत्त्याची फोडणी दिली.

येमेनी हॉटेलातला मटण आणि भाताचा मंदी नावाचा प्रकार मला इतका आवडला की मी उत्साहाने आईला फोन केला. म्हटलं, "आई, इथे सोहारला काय जोरदार मंदी आहे गं!" मग फोन बाबांकडे गेला. बाबांनी घसा साफ केला आणि हळूच विचारलं, "जावईबापूंची नोकरी आहे ना अजून?" मी समजावायला लागले तेवढ्यात माझं फोनचं कार्ड संपलं. दुसरं कार्ड आणून लावेपर्यंत आईने देवाला नवस बोलून टाकला होता, आणि मंदी हा भाताचा प्रकार आहे हे कळल्यावरही तिने तो मागे घेतला नाही.

पण नवऱ्याचा होरा अगदीच चुकीचा नव्हता. पुढे पुढे जागा संपायला लागल्या. मी पेट्रोलपंपावरचं सँडविच नवी जागा म्हणून खपवलं. मग दवाखान्याच्या कँटीनमधली इडली खपवली, तेव्हा शेजारी एक सलाईन लावलेला माणूस बसलेला होता आणि नवरा म्हणाला, "आता पुढच्या शुक्रवारी कुठे, तुरुंगात?" त्याला विजय दिसायला लागला होता. गुरुवारी संध्याकाळी तो सहज म्हणून बेसनाचा डबा हलवून बघायचा. मला त्या डब्याचा इतका राग यायचा की सांगता सोय नाही. माझी आठवड्यातली एक दुपार, एकच, आणि ती हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत घेऊन चालला होता.

म्हणून मी सोहारची हद्द सोडली. खाबुऱ्याला समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका घराच्या भिंतीवर निळ्या रंगात मासा काढलेला होता आणि खाली दाराकडे बाण. घराच्या पुढच्या खोलीतच खानावळ. जुम्म्याचा नमाज आटपल्यावर आम्ही तिथे पोचलो. दारात पांढऱ्या दाढीचे एक ओमानी आजोबा उभे होते, हातात झाकलेलं भांडं. नवऱ्याने काच खाली केली आणि कारखान्यात शिकलेलं अरबी काढलं. "अकल फी?" म्हणजे जेवण आहे का. 'फी' म्हणजे आहे, एवढं मलाही येत होतं.

आजोबा खूश होऊन म्हणाले, "फी, फी! खलास!"

नवऱ्याने काच वर केली. "चल. होतं, संपलं."

"अरे, पण ते हसतायत."

"संपलं म्हणून हसतायत. धंदा चांगला झाला असेल."

खलास म्हणजे संपलं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाणी खलास, ड्यूटी खलास, माणूस गेला तरी खलास. मी कशाला वाद घालू? आतून मासा तळल्याचा वास मात्र चांगला गाडीत शिरला होता. घरी येऊन नवऱ्याने बेसनाचा डबा स्वतः खाली काढला. मी म्हटलं, जागा सापडलेली आहे, जेवण संपलं हा माझा दोष नाही, आजचा शुक्रवार धरायचा नाही. यावर इतकं भांडण झालं की शेवटी कोणीच काही शिजवलं नाही आणि आम्ही बिस्किटं खाल्ली.

पुढच्या शुक्रवारी त्याला नमाज संपायच्या आधीच खाबुऱ्यात नेऊन उभा केला. आजोबा मशिदीतून आले, आत गेले, तेच भांडं घेऊन बाहेर आले. आमची गाडी ओळखून त्यांनी लांबूनच हात वर केला. "खलास! खलास!"

"आत्ता तर दार उघडलं!" मी ओरडले.

"ऑर्डरी असतील," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा बघवत नव्हता, इतका आनंदी. त्या दिवशी मी पिठलं केलं. जाणूनबुजून गुठळ्यांचं केलं. त्याने ते मिटक्या मारत खाल्लं. मला रडू आलं, आणि ते कांद्याचं नव्हतं.

तिसऱ्या शुक्रवारी मी म्हटलं, आज शेवटचं. मिळालं तर मिळालं, नाहीतर तुझी अट लागू. आम्ही पोचलो, आजोबांनी भांडं उचलून "खलास" म्हटलं आणि नवऱ्याने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. तेवढ्यात घरातून एक बाई हातात झारा घेऊन धावत आली आणि चक्क हिंदीत ओरडली, "अरे, भागते क्यों हो? हर जुम्मा आते हो, हर जुम्मा भागते हो! खलास खाओ, फिर खाना खाओ!"

तिने आजोबांच्या हातातलं भांडं घेऊन झाकण काढलं आणि माझ्या खिडकीशी धरलं. आत खजूर. सोनेरी, मऊ, त्यांच्या स्वतःच्या बागेतले. त्या जातीच्या खजुराचं नावच खलास. पाहुणा दारात आला की आधी खजूर आणि कहवा द्यायचा, मग जेवण वाढायचं, आणि आजोबा बिचारे दर शुक्रवारी आपल्या बागेतला उत्तम खजूर घेऊन आमचं स्वागत करत होते. आम्ही दर वेळी ते स्वागत ऐकून पळ काढत होतो. मी नवऱ्याकडे बघितलं. तो स्टीअरिंगकडे बघत होता.

आत जमिनीवर बसून आम्ही जेवलो. तळलेली सुरमई, भात, लिंबू, तिखट चटणी. नवरा काटेसुद्धा चोखून साफ करत होता. बाई येऊन माझ्याशेजारी बसली. हिंदी ती टीव्हीवरचे सिनेमे बघून शिकली होती, त्यामुळे प्रत्येक वाक्य जरा जास्तच जोरात म्हणायची. तिने विचारलं, घरी स्वयंपाक करत नाहीस? मी ताठ बसून म्हटलं, "जुम्मा को मेरी छुट्टी।" तिला वाटलं मी कुठे नोकरी करते. नाही, म्हटलं, चुलीपासून सुट्टी. तिने ते दोनदा विचारून घेतलं. मग मोठ्याने हसली, आपल्या नवऱ्याला, म्हणजे आजोबांना, हाक मारली आणि त्यांना अरबीत काहीतरी बराच वेळ सांगितलं. आजोबांचं हसू हळूहळू कमी होत गेलं.

त्यानंतरच्या गुरुवारी काय व्हावं? अट घालणारा स्वतःच म्हणाला, "उद्या परत खाबुऱ्याला जाऊ या का? एकदाच. त्या सुरमईला अट लागू नको." मी मान खाली घालून भांडी पुसत राहिले. बोलले असते तर तो सावध झाला असता.

दुसऱ्या दिवशी निळ्या माशाच्या घराचं दार बंद. आजोबा पायरीवर एकटेच बसलेले, हातात ना भांडं ना काही. नवऱ्याने विचारलं, अकल फी? त्यांनी खेदाने मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं. "मदाम… जुम्मा… छुट्टी!" बाई बहिणीकडे गेली होती. आजोबांना हिंदीतला पहिला शब्द आला होता आणि तो मी शिकवला होता. मला इतका आनंद झाला की मी गाडीत टाळ्या वाजवल्या.

आजोबा सकाळपासून उपाशी होते. स्वतःच्या गावात कुठे जेवायला मिळतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण आयुष्यभर ते घरीच जेवलेले. आम्ही त्यांना मागच्या सीटवर घेतलं. मी म्हटलं, हायवेवर ते केरळी कॉफी शॉप आहे ना, सोहारवाल्याच्याच भावाचं, आपण मागे एकदा जेवलो होतो ते. नवऱ्याला अट आठवली. "ते जुनं झालं," तो म्हणाला. "जुनी जागा चालणार नाही. म्हणजे आज घरी. म्हणजे यापुढे घरीच." आणि माझ्या समाधानासाठी की आजोबांच्या, कोण जाणे, तेच त्याने अरबीतही सांगितलं: जागा जुनी आहे, नवी पाहिजे.

आजोबा पुढे वाकले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "अना जदीद." मी नवा, म्हणजे मला ती जागा नवी.

पाहुण्याला कोण अट घालणार? गाडी कॉफी शॉपपुढे लागली. हॉर्न आजोबांनीच वाजवला, मागून हात लांब करून, दणदणीत. परोटा त्यांनी आधी संशयाने फाडला, मग न थांबता खाल्ला, आणि मग आणखी मागवला. निघताना त्यांनी चार परोटे बांधून घेतले.

"घरी पाहुणे आहेत का?" नवऱ्याने विचारलं.

आजोबांनी नाही म्हणून सांगितलं. बाईने जाताना बजावलं होतं, सुट्टी पूर्ण दिवसाची आहे, रात्रीसुद्धा चूल पेटणार नाही.

पूर्ण दिवसाची! मी परात आपटून फक्त दुपार मागितली होती. मी सावकाश नवऱ्याकडे वळले. त्याने माझ्याकडे न बघता खिडकीतून हात बाहेर काढला आणि वेटरला आणखी चार परोटे बांधायला सांगितले.