बुद्ध झालेच नसतील तर

रत्नागिरीच्या कॉलेजात, तत्त्वज्ञानाच्या तासाला सरांनी विचारलं, "बुद्ध किंवा येशू प्रत्यक्षात झालेच नाहीत असं उद्या ठरलं, तर त्यांच्या धर्माचं काय उरेल?" वर्गात बौद्ध मी एकटी, ख्रिस्ती माझी मैत्रीण एकटी. सरांनी हेच दोघे का निवडले, हा संशय मला आधी आला. उत्तराचा विचार नंतर.

सुट्टीत मैत्रीण म्हणाली, "येशू नसेल तर आमचं सगळंच कोसळतं. मग क्रुसावर मेलं कोण, उठलं कोण? तुझं बरंय. तुम्हाला शिकवण पुरते." ती कौतुक करत होती की आमच्या धर्माला हलकं ठरवत होती, कळलं नाही. पण उत्तर सोयीचं वाटलं आणि मी ते उचललं.

हातखंब्याच्या पुढे आमची वाडी. तिथे पावसाळ्यातले तीन महिने, वर्षावासात, दर रविवारी विहारात ग्रंथ वाचतात. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिली, म्हणून यंदा वाचन माझ्याकडे आलं. बाबांचं ते सगळ्या वाडीला सांगून झालं होतं.

त्या रविवारी "बुद्ध म्हणाले" आलं आणि जीभ अडली. मी वाचलं, "बुद्ध म्हणाले, असं म्हणतात." पुढेही तसंच. तिसऱ्यांदा समोर बसलेल्या काकीने विचारलं, "कोण म्हणतात गो? नाव तरी सांग त्यांचं!" बायका हसल्या. बाबा हसले नाहीत.

घरी जाताना मी त्यांना मैत्रिणीचं उत्तर ऐकवलं. बुद्ध झाले नसले तरी शिकवण राहतेच ना?

"हे तुझ्या डोक्यात कोणी भरवलं? सरांनी?" बाबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुझ्या आजोबांनी घरातले देव पऱ्याच्या पाण्यात सोडले. त्या देवांच्या देवळात आपल्याला पायरीखाली उभं करायचे, आणि ते देव कोणी पाहिलेही नव्हते. बुद्ध माणूस होते. जन्मले, म्हातारे झाले, गेले. म्हणून त्यांना धरलं. तेही गोष्टीतलेच निघाले तर आजोबांनी काय केलं? एक देव सोडून दुसरा आणला?"

"पण बाबा, पुरावा..."

"तुला खात्री आहे की नाही?"

हो म्हटलं असतं तर वाचन माझ्याकडेच राहिलं असतं. "माहीत नाही," मी म्हणाले.

थोडं चालून गेल्यावर ते म्हणाले, "मग काकीच्या सुनेला वाचू दे. तू ऐकायला बस."

तीन रविवार झाले, मी मागे बसून ऐकते. ती भरभर वाचते, कुठेच अडत नाही. आणि मला तिचाही संशय येतो: हिला खात्री आहे, की हिने स्वतःला कधी विचारलंच नाही?