सगळं हिरवं

धायरीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ एका मोठ्या हॉस्पिटल-समूहाचे डेटाबेस सर्व्हर सांभाळतात. काहीही बिघडलं तरी ते 'बिघडलं' म्हणत नाहीत, 'अपवाद आला' म्हणतात. सोसायटीची लिफ्ट अडकली तरी तोही अपवादच.

पूर्वी सर्व्हरवर पॅच, म्हणजे नवी दुरुस्ती, चढवला की त्यांची माणसं त्या त्या हॉस्पिटलला फोन करून "रिपोर्ट उघडतायत ना?" असं विचारायची. पॅच आपोआप चढायला लागल्यावर यांनी ते फोन बंद केले. त्यात फार वेळ जायचा, असं त्यांनीच मला अभिमानाने सांगितलं होतं.

गेल्या आठवड्यात त्यांच्याच एका हॉस्पिटलात माझ्या बायकोचं ऑपरेशन होतं. ती आदल्या रात्रीपासून उपाशी, आणि सकाळी तिचे रक्ताचे रिपोर्ट कॉम्प्युटरवर उघडेनात. मी वॉर्डातूनच यांना फोन लावला.

"काका, माझ्या स्क्रीनवर सगळं हिरवं दिसतंय, म्हणजे सगळं चालू आहे," ते म्हणाले.

"अहो, इथे डॉक्टर नुसते बसून आहेत."

"मग त्यांना तक्रारीचं तिकीट टाकायला सांगा ना. नंबराप्रमाणे बघतील."

ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. संध्याकाळी हे जिन्यात भेटले आणि खुशीत म्हणाले, "काल रात्रीचा पॅच नव्व्याण्णव टक्के सर्व्हरवर एका फटक्यात चढला, काका."

आकडा बरोबरच असणार, त्यात मला चूक काढता येत नाही. मी घरात आलो, आणि तेव्हापासून त्यांच्याशी बोललेलो नाही. बायको म्हणते, इतका राग बरा नाही. तिचं ऑपरेशन अजून व्हायचंय.