बाचमानच्या दारातली कातडी

इतिल नदीकाठच्या बुल्गार शहरात बाचमानच्या दारातल्या बर्फाला कुणी हात लावायचं नाही. तिथे सेबलची, म्हणजे मुंगसाएवढ्या एका रानप्राण्याची, काळीभोर, मऊ कातडी पडलेली असायची. एकेका कातड्यासाठी शहरातली माणसं जीव टाकायची, पण या दारावरून चोरसुद्धा वाट वाकडी करून जायचे. पहिला बर्फ पडला की ढिगात एक कातडं वाढलेलं दिसे, आणि आजूबाजूला पावलाचा ठसा म्हणून नसे.

बाचमान कुत्र्यांची गाडी हाकायचा. उत्तरेला, हिवाळ्यात जिथे सूर्य उगवतच नाही, तिथल्या लोकांशी त्याचा व्यापार. व्यापार म्हणजे काय, तर लोखंडी पाती बर्फावर मांडायची, भोवती काठीने रेघ ओढायची आणि मागे तळावर येऊन झोपायचं. उठून जावं तर मालाशेजारी कातडी. पटली तर उचलायची. नाही पटली तर तशीच ठेवायची, ते आणखी घालतात. उचललं की सौदा पक्का. ते लोक दिसतात कसे, हे बाचमानच्या बापालाही ठाऊक नव्हतं आणि बाचमानने कधी विचारलं नाही.

विचारायची खाज होती हारिसला. हा दूर दक्षिणेकडच्या गुर्गांज शहराचा विद्वान, जगातल्या यच्चयावत लोकांची माहिती गोळा करत हिंडणारा. बाचमानच्या घरी उतरला, त्याच्या बायकोच्या, अल्तुनायच्या हातचं घोड्याचं मांस हादडलं आणि हट्टाला पेटला.

"मी मालाजवळच थांबणार. त्यांना या डोळ्यांनी बघणार."

"शेख, ते येतात तेव्हा कुत्रीसुद्धा तोंड फिरवतात," बाचमान म्हणाला.

"मग मी कुत्र्यांपेक्षा धीट!"

"धीट कसले, आगाऊ," आतून अल्तुनाय पुटपुटली. "अहो, पाहुण्याला धडधाकट परत आणा म्हणजे झालं. नाहीतर लोक तोंडात शेण घालतील."

उत्तरेला पोचल्यावर हारिस खरंच पात्यांशेजारी घोंगडं पांघरून आडवा झाला. बाचमानने काठी फिरवली आणि तळावर परतला. हात सवयीचा, डोकं थंडीने बधिर. रेघ आपण पाहुण्याच्याही भोवती ओढली, हे त्याला झोपून उठून परत गेल्यावरच दिसलं.

पात्यांशेजारी नेहमीसारखी चार कातडी होती. हारिसच्या उशाशी मात्र कमरेइतका ढीग. आणि हा शहाणा त्यातलंच एक अंगावर ओढून घोरत होता!

"कोण आलं होतं?" बाचमानने त्याला गदागदा हलवलं.

"डोळा लागला हो. थंडी वाजली, हे हाताला लागलं, घेतलं."

"या अल्लाह! शेख, विकला गेलात तुम्ही!"

हारिस आधी हसला. मग गाडीवर बसला, तर कुत्री उठेनात. सगळी अंधाराकडे पाठ करून बसलेली. अंधारात कुणीतरी आपला माल न्यायला थांबलं होतं. श्वास ऐकू येत होते, आणि ते एकाचे नव्हते. पाहुणा बाचमानच्या भरवशावर आलेला. त्याने ते कातडं ढिगावर परत ठेवलं, स्वतःभोवती नवी रेघ ओढली आणि तिच्यात आडवा झाला. मालाऐवजी माल. डोळे घट्ट मिटून घेतले. कुणीतरी वाकलं, त्याचे दंड चाचपले, ओठ वर करून दात पाहिले, घोडा घेताना पाहतात तसे.

उठला तेव्हा हारिसचा ढीग गेला होता. बाचमानशेजारी एकच कातडं होतं. त्याने त्याला हात लावला नाही. कुत्री उठली.

हारिस सुखरूप घरी गेला. उत्तरेचे लोक भित्रे आहेत, समोर येत नाहीत, असं तिकडे सांगत राहिला म्हणे. मेल्याला एवढंच कळलं!

इकडे बाचमानच्या दारात दर हिवाळ्याला एकेक कातडं वाढून त्याचा भाव चढत गेला. "उचलायचं नाही," तो बजावायचा. "मला कशाला हवीत ती?" अल्तुनाय म्हणायची. "तुम्ही घरात आहात तेवढं बास."

मग इतिल नदी फार लवकर गोठली तो हिवाळा आला. सरपण संपलं. अल्तुनाय तापाने अंथरुणाला खिळली, हुडहुडी थांबेना. बाचमानने आपला अंगरखा तिच्यावर घातला, कुत्री तिच्या अंगाशी निजवली.

"थंडी वाजतेय हो," ती म्हणाली.

बाचमानला रडू फुटलं. तो काठी घेऊन उठला आणि दार उघडून बाहेर गेला.

अल्तुनायला जाग आली तेव्हा तिला घाम फुटला होता. गळ्यापर्यंत मऊ, काळी लव. क्षणभर तिला फार बरं वाटलं. मग ती ताडकन उठून बसली. दार सताड उघडं होतं आणि कुत्री भिंतीकडे तोंड करून बसली होती. बाहेर बर्फावर एक रेघ होती, शेजारी त्याची काठी.

तिने एकूण एक कातडं ओढत नेऊन त्या रेघेत टाकलं. "घ्या तुमचं! माझा माणूस परत द्या!" ती अंधाराकडे बघून किंचाळली.

बर्फ वितळला तरी त्यातलं एकही कुणी नेलं नाही.