आधी भीती की आधी थरथर?

दापोलीच्या एसटीत माझ्या शेजारी मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई बसल्या होत्या. जमीन वाचवण्याच्या सभेत मी पहिल्यांदाच बोलणार होतो. पाय लटपटत होते. बाईंनी ते पाहिलं.

"मानसशास्त्र नवं होतं तेव्हा यावरच भांडणं झाली, बाळा. काहीजण म्हणाले, आपण घाबरतो म्हणून थरथरतो असं नाही, थरथरतो म्हणून घाबरतो!"

इतक्यात वळणावर करकचून ब्रेक लागला. अख्खी गाडी किंचाळली. बाई आनंदाने उभ्याच राहिल्या. "खरं सांगा, आधी घाबरलात की आधी किंचाळलात?"

"आधी किंचाळलो," कंडक्टर म्हणाला. "भीती मागाहून चढली, तिचं तिकीट फाडायचंय."

"खोटं! तुझं तोंड आधीच पांढरं झालं होतं," मागून एक मावशी ओरडली.

दापोलीपर्यंत गाडी भांडत, खिदळत गेली. उतरताना बाई म्हणाल्या, "आधी मूठ आवळ."

सभेत मी मूठ आवळली. धैर्य आलं की नाही, कोण जाणे. आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत गेला.