उषाबाईंचा लाल दोरा

नवीन जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीत डिग्रीवाले पुष्कळ होते, पण काम अडलं की सगळे एकाच टेबलाकडे वळायचे. ते टेबल उषाबाईंचं. शिक्षण सातवी. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यावरून नाकं मुरडणाऱ्यांत मी पहिला होतो.

उषाबाई धावडा गावच्या. चौऱ्याऐंशी साली कंपनीच्या कपाशीच्या प्लॉटवर रोजानं लागल्या. संध्याकाळी कळ्या सोलून आतले पुंकेसर काढायचे, सकाळी त्यांना दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. एक कळी झाली की देठाला लाल दोरा बांधायचा. दोरा नसेल तर ती कळी झालीच नाही असं धरायचं, मग कोणी कितीही शपथा घेवो. पुढे त्या प्लॉटच्या नोंदी ठेवू लागल्या आणि पन्नाशीला टेकताना कॉम्प्युटरही शिकल्या.

सात हंगामांच्या चाचण्यांच्या नोंदी त्यांनी एका बाहेरच्या हार्डडिस्कमध्ये भरल्या होत्या. दुसरी प्रत काढायला हवी असं सगळेच म्हणायचे आणि काढत कोणीच नव्हतं.

दोन हजार सहाच्या दसऱ्यानंतर ऑफिस उघडलं आणि कॉम्प्युटरवर डिस्क दिसेना. तिचा दिवा लागायचा, पण ‘माय कॉम्प्युटर’मध्ये नाव नाही. इंजिनिअर आला, पाच मिनिटं वायर हलवली आणि म्हणाला, “डिस्क गेली. नवी घ्या.” साहेबांचा चेहरा उतरला. नवा वाण मंजुरीला जायचा तो याच नोंदींवर. त्या गेल्या तर सात हंगाम पाण्यात.

“फेकू नका साहेब,” उषाबाई उठल्या. “मी बघते एक एक करून.”

मला राहवलं नाही. “उषाबाई, ही कपाशी न्हाई!”

“मंग काय झालं, त्रिंबकभाऊ? जे तपासलं त्याला दोरा बांधायचा. बराबर तसंच.”

त्यांनी ड्रॉवरमधून लाल दोऱ्याचं रीळ काढलं. डिस्कच्या जागी पेनड्राइव्ह लावला, तो दिसला. म्हणजे कॉम्प्युटर ठीक; त्याला दोरा. डिस्कच्याच वायरनं कॅमेरा जोडला, फोटो दिसले. वायर ठीक, तिलाही दोरा. दोरा नसलेली उरली एकटी डिस्क. इंजिनिअर ‘मी म्हटलं नव्हतं का’ अशा नजरेनं बघत होता.

उषाबाईंनी बी तपासायचं भिंग घेतलं आणि डिस्कमध्ये वायर जाते त्या खाचेत बघितलं. मग हळूच मला बोलावलं. मी वाकून बघितलं. आत लाल होतं.

खंडेनवमीची पूजा मी केली होती. कॉम्प्युटर, प्रिंटर, तराजू, काही म्हणता काही सोडलं नव्हतं. वायर काढून ठेवलेल्या डिस्कलाही ओलं कुंकू लावलं होतं, आणि ते नेमकं त्या खाचेत जाऊन वाळलं होतं.

उषाबाईंनी डिस्क उजेडात ओढली. बारीक चिमटा घेतला, परागाचा मऊ ब्रश स्पिरिटमध्ये बुडवला आणि समोरचा चहा निवेपर्यंत खाच साफ करत राहिल्या. खाच वाळू दिली. वायर लावली.

डिस्क दिसली. सातही हंगाम जसेच्या तसे! इंजिनिअर चष्मा काढून बघत राहिला आणि माझी छाती अशी फुगली, जणू मीच काही पराक्रम केला होता.

“झालं काय होतं?” साहेबांनी विचारलं.

मी चटकन उषाबाईंकडे बघितलं. उषाबाई ब्रश पुसत म्हणाल्या, “काई न्हाई साहेब, धूळ बसल्ती.”

त्याच दिवशी त्यांनी दुसरी प्रत काढली. मी मात्र गप्प राहिलो, चांगली तीन वर्षं.

त्यांच्या निरोप समारंभात मला बोलायला उभं केलं. लिहून नेलेलं भाषण मी खिशातच ठेवलं. म्हणालो, “साहेब, ती धूळ नव्हती. कुंकू होतं, आणि ते लावणारा मी होतो. या बाईंनी सात हंगाम वाचवले आणि मलाही वाचवलं. यांच्यासोबत काम केलं याचा मला अभिमान आहे.”

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. उषाबाई उठून आल्या, पिशवीतलं रीळ काढलं आणि माझ्या मनगटाला लाल दोरा बांधला.

“तपासून झालं,” म्हणाल्या. “ठीक हाय.”